कुत्र्याच्या तोंडचं वाक्य

पडद्यावरचा म्हातारा कुत्रा बोलायचा थांबेना.

"काका, तोंड उरतंय," दिग्दर्शिका बाई म्हणाल्या. "तुमचं वाक्य संपलं आणि हा आपला जबडा हलवतोच आहे. भरा काहीतरी."

काचेपलीकडच्या छोट्या खोलीत माइकसमोर उभ्या असलेल्या काकांनी हेडफोन सारखा केला. बाहेरच्या सिनेमांतल्या प्राण्यांना आपल्या भाषेत बोलतं करणं हा त्यांचा धंदा. अस्वल, गाढव, एकदा तर सर्दी झालेली मगर. त्यांच्या गळ्यातून गेला नाही असा प्राणी शोधूनच काढावा लागला असता. थिएटरात पोरं त्यांच्या अस्वलासाठी ढसाढसा रडायची. घरी मात्र काकांचं तोंड उघडायचं ते जेवायला, आणि पाण्याची टाकी भरली की नाही हे विचारायला.

काचेच्या अलीकडे, यंत्रावर, त्यांची मुलगी बसली होती. आवाज मुद्रित करण्याचं काम तिचं. उद्या सकाळी ती नोकरीसाठी परदेशी निघणार होती. तिकडे आत्ताच बर्फ पडायला लागला होता. नोकरी पक्की झाल्यापासून बापाने 'जा' म्हटलं नव्हतं की 'जाऊ नकोस' म्हटलं नव्हतं. काल रात्री तिची बॅग उचलून पाहिली, "कुलूप बरंय," एवढं म्हणाले आणि झोपायला गेले. तिला फार लागलं होतं ते. कौतुक राहू दे बाजूला, माणसाने निदान भांडावं तरी.

सिनेमातला शेवटचा प्रसंग चालला होता. कुत्रा फाटकाशी बसलेला आणि त्याची लाडकी पोर गाडीत बसून दूरच्या शाळेत निघालेली. अख्ख्या घरात कुत्र्याचं बोलणं त्या एकटीलाच कळायचं. मूळ सिनेमात तो तिला लांबलचक काहीतरी सांगत होता. आपल्या भाषांतरकाराने ते 'जा पोरी, मी आहे इथे' एवढ्यात उरकून टाकलं होतं. त्यामुळे शब्द संपायचे आणि कुत्र्याचं तोंड हलत राहायचं.

मुलीने समोरचं बटण दाबलं. ते दाबलं की तिचा आवाज पलीकडे जायचा; बाईंपुढेही तसंच एक बटण होतं. "चालू, बाबा."

"जा पोरी. मी आहे इथे. जेवत जा."

"कमी पडलं," बाई म्हणाल्या. "अजून थोडं."

"जा पोरी. मी आहे इथे. वेळच्या वेळी जेव, आणि भांडी तशीच टाकून झोपू नकोस."

कुत्र्याचं तोंड केव्हाच मिटलं होतं. बाईंना हसू आवरेना. "काका, कुत्रा आहे हो तो, तिची आत्या नाही!"

काकाही ओशाळं हसले. घोटभर पाणी प्यायले, घसा खाकरला.

"जा पोरी. मी आहे इथे. स्वेटर वरच ठेवलाय."

"लांबीला बसलं," बाई म्हणाल्या, "पण स्वेटर कुठून काढलात? सिनेमात ऊन मी म्हणतंय. पोरगी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये आहे."

काकांनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला. मुलगी मान वर करून काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली. आज सकाळी तिने बॅग उघडली तेव्हा अगदी वर एक स्वेटर नीट घडी करून ठेवलेला होता. बाबांचाच, राखाडी, कोपरावर रफू केलेला. आईने कोंबला असणार असं म्हणून तिने तो बाजूला काढून ठेवला होता.

तिला एकदम रडू आलं. ते गिळून तिने बटण दाबलं. "आणखी एकदा घेऊ या, बाबा."

नवशिक्यांना काका नेहमी दटावायचे, डोळे जनावराच्या जबड्यावर हवेत, इकडेतिकडे बघाल तर आवाज घसरेल. या खेपेला त्यांनी स्वतःच पडद्याकडे पाहिलं नाही. ते सरळ काचेकडे तोंड करून उभे राहिले, आणि कुत्र्याचा घोगरा आवाज लावायचंही विसरले.

"जा पोरी," ते म्हणाले. "मी आहे इथे."

पडद्यावर कुत्र्याचा जबडा हलत होता.

"पोचलीस की कळव."

शेवटच्या अक्षराला कुत्र्याने तोंड मिटलं.

"बसलं! चपखल बसलं!" बाईंनी टाळी वाजवली. आवाज बदललाय हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही, किंवा आलं असेल तर तो त्यांना आवडला असावा. पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि आपलं बटण सोडून त्या मुलीकडे वळल्या. "पण काय गं, ती कुत्र्याला कळवणार कशी? त्याला काय फोन घेऊन दिलाय? मुलं हसतील. दुसरं काहीतरी सुचवायला सांग त्यांना."

पलीकडे काका दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून उभे होते. काचेअलीकडे काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, नुसते हलणारे ओठ दिसत होते.

बाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना उत्तर द्यायला बटण दाबायची काही गरज नव्हती. मुलीने ते दाबलं, आणि दाबूनच धरलं.

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "कळवेल ती."