खिळ्यांवरच्या चाव्या

"काकी, माझी चावी नेते हां," म्हणत चंपाने खिळ्यावरची चावी काढली. कमलाकाकीकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

"ने गो बाय. तुझीच ती."

तीच शेवटची चावी. बाकीचे खिळे कधीच रिकामे झाले होते.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. रत्नागिरीतल्या त्या आळीत घर बंद करून जाणारा चावी कमलाकाकीच्या ओटीवर टांगून जाई. बाप्ये मुंबईला, बायका माहेरी. कोणाचं कौल फुटलं, कोणाच्या घरात पाणी शिरलं, की काकी दार उघडून चार माणसं कामाला लावी. आळीला ना अध्यक्ष, ना कमिटी. होती ती ही एकटी विधवा आणि तिचे खिळे. तिचं स्वतःचं दार दिवसभर सताड उघडं असे.

मग आळीतल्याच आप्पांच्या बंद घरातून पितळेचा मोठा टोप गेला. काकीच्या तोंडावर कोणी ब्र काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून तिने प्रकरण मिटवलं असतं! एकेकाने काहीबाही निमित्त काढून चावी तेवढी नेली. चंपाला तर काकीने पोटच्या पोरीसारखी माया लावलेली. तरी आळी काय म्हणेल म्हणून तीही गेली.

त्या संध्याकाळी काकीच्या दाराला पहिल्यांदा आतून कडी लागली. सकाळी ती निघाली नाही. "रुसली असेल म्हातारी," म्हणत जो तो दारावरून पुढे गेला. चंपासुद्धा.

दुपारी आप्पांचा भाऊ सायकलला टोप बांधून आला. आप्पांच्या घराची दुसरी चावी त्याच्याकडेच होती. टोप त्यानेच कल्हईला टाकला होता. ऐकताच चंपा आपली चावी परत टांगायला घेऊन धावली.

"काकी, दार उघड गो! चुकलं आमचं!"

शेवटी आप्पांनी खांदा लावून दार मोडलं. काकी उंबऱ्याशीच पडली होती, एक हात कडीच्या दिशेने. डॉक्टर म्हणाले, सकाळी कळतं तर वाचली असती. चंपा ऊर फुटेस्तोवर रडली.

तेरावं उरकून काकीचा पोफळी गावचा पुतण्या परत निघाला. मोडकं दार त्याने सुताराकडून बसवून घेतलं होतं. त्याला बाहेरून कुलूप घातलं, आणि निरोपाला जमलेल्या आळीपुढे चावी धरली.

"ही कोणाकडे ठेवू?"

एकही हात पुढे आला नाही. अमक्याकडे ठेव, असंही कोणी म्हणालं नाही.