कौतुकाची लाली

मी कौतुक केलं की बायकोचा चेहरा कानापर्यंत लाल व्हायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही. मित्रांपुढे माझी याची भरपूर फुशारकी मारून झाली होती.

तिच्या पोटाच्या तक्रारीसाठी गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "चेहरा लाल होतो का? कधी होतो?"

तिच्याआधी मीच बोललो, "मी कौतुक केलं की."

"हो, ताणाने होतं तसं," डॉक्टर म्हणाल्या.

केळ्यांनी लघवीच्या तपासणीचा आकडा फुगतो म्हणून आधी तिची केळी बंद झाली, मग दिवसरात्रीची लघवी कॅनमध्ये साठवली, मग स्कॅन. पडद्यावर यकृतातले ठिपके दिव्यांसारखे चमकत होते. मी ते मोजू लागलो.

"चमकतायत ते बरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "या गाठी हार्मोन सोडतात, त्यानेच चेहरा लाल होतो. पण त्यांच्यावर औषध पकडणारे रिसेप्टर भरपूर आहेत, म्हणून त्या चमकतायत; म्हणजे इंजेक्शनचं औषध बरोबर तिथेच जाऊन बसेल. गाठी आटोक्यात राहतील. लाली थांबेल."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला. फक्त शेवटच्या वाक्याला, त्या खोलीत एकट्या मलाच, जरा वाईट वाटलं.

दुसऱ्या इंजेक्शननंतर एकदा ती टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. मला राहवेना. "आज छान दिसतेस."

तिच्या चेहऱ्याचा रंग तसूभरही बदलला नाही. माझेच कान तापले.

तिने टॉवेल बाजूला ठेवून मला नीट निरखलं.

"लाल झालायस. उद्यापासून तुझी केळी बंद."