दुर्गेच्या पेटीतला फेटेवाला

"अन् मग ह्यांनी घोड्याले टाच मारली," दुर्गा वाचत होती, "अन् थेट गाविलगडाच्या तटावरून उडी घेतली. गोऱ्यांच्या गोळ्या ह्यांच्या छातीवर आपटून खाली पडल्या."

शेजारची पार्वताबाई शेंगा फोडता फोडता खुदकन हसली. "ह्यांनी काय वं? नाव घे ना त्याचं!"

"जा बाई, तुमी लय चावट."

बैल बांधून आलेला सूर्यभान दाराआडच थबकला. बायकोचं ते लाजणं त्यानं ऐकलं आणि त्याचा जळफळाट झाला.

ही चित्रांची पुस्तकं बेचाळीसच्या आधी अमरावतीत निघत. पानभर चित्र, खाली दोन ओळी. लाल फेटा, तोंडावर काळा रुमाल, हातात झेंडा. एकटा गडी इंग्रजांची तोफ खांद्यावर उचलून नदीत फेकायचा. सरकारनं बंदी घातली तेव्हा दुर्गेनं ती ज्वारीच्या कणगीत लपवली आणि लग्नात पेटीच्या तळाशी घालून अकोल्याला आणली. आता इंग्रज गेले, तशी पुस्तकं बाहेर निघाली. जुनीच, पाठ झालेली. पण रोज दुपारी तिला ती हवीच.

आधी सूर्यभानालाही गंमत वाटायची. मग एक गोष्ट खटकली. दुर्गा गोऱ्या साहेबाचं नाव घ्यायची, फितूर पाटलाचं घ्यायची, मेल्या घोड्याचंसुद्धा घ्यायची. फेटेवाल्यापाशी आली की मात्र अडखळायची. हे, ह्यांनी, ह्यांच्या! बाई जन्मात एकाच माणसाचं नाव घेत नाही. मग हा दुसरा कुठून उपटला?

"कोन काढे वं ही पुस्तकं?" त्यानं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आमच्याच गल्लीतला होता एक. दादाच्या दोस्तीतला. बेचाळीसमधे जेलात गेला. लय हुशार."

"दिसाले कसा?"

"उंचपुरा. काहून?" तिनं भाकर वाढली. "तुमी वाचा ना एखादं. हातात घेतलं की सुटत नाही."

"माहे डोये चुरचुरते."

डोळ्यांचं ते जुनंच होतं. सकाळी तो ओसरीवर पेपर धरून बसायचा, पण पत्र आलं की डोळे चोळत तिच्याच हातात द्यायचा. आपला नवरा चौथी पास, याचा दुर्गेला कोण अभिमान! पार्वताबाईपाशीही ती सांगायची, आमच्याकडे रोज पेपर येते म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती नदीवर धुणं घेऊन गेली, तेव्हा त्यानं पेटी उघडली. सगळी पुस्तकं चाळली. फेटेवाल्याची छाती हीऽ रुंद. मिशा भरदार. सूर्यभानानं स्वतःच्या विरळ मिशांवरून बोट फिरवलं. चित्रातल्या माणसावर काय जळायचं, कोणी म्हणेल. पण तो जळत होता. चित्र काढणाऱ्यानं स्वतःलाच रंगवलं असणार, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती.

मुलगी पाहायला गेल्याचा दिवस त्याला आठवला. मामांनी नाव सांगून त्याची ओळख करून दिली, तशी दुर्गेनं झटकन मान वर केली होती. आपण तिला आवडलो, या खुशीत तो तीन वर्षं राहिला होता. आता वाटलं, ती दुसऱ्याच कोणाला शोधत असेल.

ती आली तशी त्यानं पुस्तक तिच्यापुढे टाकलं.

"याचं नाव घे."

दुर्गा लाजली. "असं काय करता? मी नाही घेत."

"साऱ्यांचं घेते. याचंच काहून नाही?"

"अगं माय! तुमाले माहीत नाही का?" ती पदर तोंडाला लावून हसली.

त्या हसण्यानं तो पुरता पेटला. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. "मले सारं माहीत आहे," तो ओरडला. "उद्याच्या गाडीनं अमरावतीले जाय. अन् परत येऊ नको."

दुर्गेचं हसू तोंडातच विरलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. सासरी कुणी बोललं नव्हतं, पण आज ना उद्या हे ऐकावं लागेल याची तिला धास्ती होती.

"समजली मी," ती एवढंच म्हणाली.

तो म्हणाला, "समजली ना? बरं झालं."

सकाळी त्यानं तिला स्टेशनवर नेलं. बायकांच्या डब्यात बसवलं. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "पुस्तकं घरीच ठेवली. तुमच्यापाशीच असू द्या. मले आता पाहवणार नाही."

काय हिंमत बाईची! गाडी बडनेऱ्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली तरी तो फलाटावर दात खात उभा होता. त्याला रडावंसंही वाटत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

घरी येऊन त्यानं सगळी पुस्तकं दोरीनं बांधली आणि जुन्या शहरातल्या जानरावच्या किराणा दुकानात नेऊन आदळली. जानराव लहानपणापासूनचा दोस्त.

"पुड्या बांधाले घे. फुकट."

"इतकी चांगली पुस्तकं?"

"मिरच्या बांध त्यायच्यात. मले त्याचं तोंड पाहायचं नाही."

जानरावनं दोरी सोडली. वरचं पुस्तक पाहिलं, त्याखालचं पाहिलं, तिसरं पाहिलं. आणि पोट धरून हसत सुटला.

"हसतो काहून बे?"

"अबे अंगठेबहाद्दरा, घरात शिकलेली बायको असून तुले कोनी वाचून नाही दाखवलं? एकूणएक पुस्तकावर तुह्यंच नाव छापलं आहे. हे पाय, 'वीर सूर्यभान'!"