परत वर

नांदेडला उतरताना वारा पाठीमागून आला, विमान डुलायला लागलं, वेगही आवरेना. कॅप्टन अवधूतनं नियमाप्रमाणे ते परत वर नेलं, एक चक्कर मारली आणि मग अलगद खाली टेकवलं. ड्युटी संपवून, साध्या कपड्यांत, पूर्णेला घरी जायला तो प्रवासी जीपमध्ये बसला, तर शेजारी त्याच विमानातून उतरलेले व्यंकटराव. तोंडात गुटख्याचा तोबरा.

"जमीन हाताला लागायली अन् ह्यो बाबा परत वर! पायलट हाय का पतंग उडवणारा?"

अख्खी जीप हसली. अवधूतनं बाहीवर उडालेले तांबडे शिंतोडे पुसले आणि तोंड फिरवून बसला. लोकांचा जीव वाचवायचा आणि वर त्यांची थुंकीही झेलायची, याची त्याला मनापासून किळस आली.

पुढं जीप उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला लागली, तेवढ्यात समोरून टेम्पो आला.

"मागं घ्या, भाऊ! मागं घ्या!" अवधूत ओरडला.

"घाल रे परमेश्वर, लय भितेत ही माणसं," व्यंकटरावांनी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली.

परमेश्वरनं घातली. टेम्पो अगदी अंगावर आला तशी जीप रस्ता सोडून धाडकन गावच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात गेली.



कमरेएवढ्या घाणीत उभं राहून व्यंकटरावांनी आधी हातपाय चाचपले, मग एक पिचकारी मारली आणि कौतुकानं अवधूतला म्हणाले, "बघितलं का, मालक? आमच्या पोरानं एका दमात उतरवली!"