मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

लेकीच्या बाळंतपणासाठी मागितलेली दोन महिन्यांची रजा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने एकमताने मंजूर केली, तेव्हा तो ठराव लिपिकबाईंनी स्वतःच्याच हाताने लिहून घेतला होता. पण इतिवृत्त कायम होऊन फलकावर लागल्याशिवाय ठराव अमलात येत नाही, हा तिथला नियम.

पुढच्या सभेत, ज्यांना सगळे पाठीमागे ‘खोडरबर’ म्हणत, त्या सदस्यांनी इतिवृत्तातल्या ‘उशिरा आले’ या आपल्याबद्दलच्या नोंदीला हरकत घेतली. “मी उशिरा आलोच नव्हतो, तुमचं घड्याळ पुढे होतं. दुरुस्त करा.” घड्याळावरून तासभर वाद झाला आणि विषय लांबणीवर पडला. त्यापुढच्या सभेला कोरमच भरला नाही. तोवर लेकीला नववा लागला.

आज अध्यक्षांनी विचारलं, “इतिवृत्तावर कुणाची हरकत?” खोडरबरसुद्धा गप्प राहिले. सगळे हात वर गेले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

“मग साहेब, फलकावर लावते आणि उद्याच निघते.”

“अहो बाई, इतिवृत्त कायम झालं, हे लिहिणार कशात? आजच्या इतिवृत्तात ना? ते पुढच्या सभेत कायम होऊ दे. मग दोन्ही एकदमच लावा.”

“नियम म्हणजे नियम,” खोडरबरांनी मान डोलावली.

बाई जिना उतरत होत्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला. “आई, झाली का गं रजा मंजूर?”

“झाली. मंजूर झाली, हे पुढच्या महिन्यात मंजूर होईल.”



“बरं. मग बाळाला सांगते, पुढच्या सभेपर्यंत दम धर म्हणून.”