चौथा ठोका

बेसा गावातल्या घरी मधुसूदनराव हेडफोन लावून बसले होते. त्यांचा मुलगा अनिश बारा वर्षांपासून कोकणच्या समुद्रातले आवाज नोंदवत होता. आज त्यानं बोटीवरून पाण्याखालचा माइक थेट घरी जोडून दिला आणि फोन केला.

“बाबा, तळाशी कीर्तनातल्यासारखी झांज वाजते. बारा वर्षं चौथा ठोका रिकामाच जाऊन राहिला. तुम्ही ऐका, मी बुडी मारून माइक साफ करून येतो.”

मधुसूदनरावांनी मांडीवर ताल धरला. चौथा ठोका खरंच रिकामा होता.

थोड्या वेळानं तो वाजला, किंचित उशिरा. देवळात झांजेच्या साथीला बसलं की अनिशची हीच खोड. बुवा हसून टोकायचे.

एका कानावरचा हेडफोन सरकवून त्यांनी बोटीवर फोन लावला. “अनिशले वर बोलवा गा, लवकर!”

“काहून बाबा? मी अनिशच. केव्हाचा वर आलो.”

दुसऱ्या कानात झांज चालूच होती, चौथ्या ठोक्याला किंचित उशीर करत.