खिशातले दगड
पाचवा दगड काही केल्या मेलेल्याच्या खिशात मावेना. हेस्टरने तो दातओठ खात आत कोंबला आणि मगच गळा काढला, "धावा रे धावा! जेबेझ बुडाला!"

पाणचक्कीवाला जेबेझ सकाळी बंधाऱ्याच्या शेवाळलेल्या फळीवरून घसरला होता. सफरचंदाच्या दारूचा भपकारा अजून येत होता. आंधळ्यालाही कळलं असतं की हा अपघात आहे. पण प्रेत आधी सापडलं हेस्टरला, आणि हेस्टर नऊ वर्षं याच दिवसाची वाट बघत होती.

नऊ वर्षांपूर्वी बंधाऱ्याच्या याच तळ्यातून तिची लेक टॅमसिन काढली होती. एकोणीस वर्षांची, पोटुशी. मूल कुणाचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोरगी भ्रमिष्ट झाली होती, एवढं घराबाहेरचं कुणी शपथेवर बोललं असतं, तर तिला चर्चच्या आवारात बापाशेजारी जागा मिळाली असती. वेड्याला माफी होती. शहाण्याने जीव दिला, तर घंटा नाही, प्रार्थना नाही. चौफुलीवर खड्डा आणि छातीत लाकडी खुंटा. आणि जेबेझने बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं, "वेडी कसली, साहेब? चांगली शहाणी होती. सकाळीच माझ्याशी हसून बोलली." पोरगी वेडी ठरली असती, तर तिला वेड कुणी लावलं हे पंचांनी विचारलं असतं ना!

हेस्टर तेव्हा रडली नव्हती. खुंट्यावरचे घाव तेवढे तिने मोजले. सात होते. तेव्हापासून दर रविवारी गाव चर्चला जाई आणि ही चौफुलीवर.

दुपारी गावच्या गुत्त्यात चौकशी बसली. लांब टेबलावर जेबेझ, भोवती बारा पंच, आणि त्याच्या डोक्याशी कॉरोनर, म्हणजे अचानक मेलेल्यांचा तपास करणारे सरकारी साहेब. पाचही दगड ओळीने मांडलेले.

"जन्मभर पिठात खडी मिसळली मेल्याने," एक पंच पुटपुटला, "उरलेली बरोबर घेऊन निघाला." दोघे-तिघे फिसकन हसले.

जेबेझचा भाऊ हसला नाही. तो टोपी काढून हेस्टरपुढे आला. "मावशी, तो भ्रमिष्ट झाला होता म्हणून सांग. मी पडलो भाऊ, माझं कोण धरणार? तू एकच शब्द टाक. आमच्या आईशेजारी पडू दे त्याला."

हेस्टरने त्याच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं. असाच एक शब्द तिनेही मागितला होता, याच जमिनीवर गुडघे टेकून. तेव्हा हे दोघे भाऊ खिडकीबाहेर बघत उभे होते.

"बाई," कॉरोनर म्हणाले, "तू याच्या चक्कीवर दळणाला जायचीस. हा माणूस भानावर होता का?"

"वेडा कसला, साहेब? चांगला शहाणा होता. काल संध्याकाळीच माझ्याशी हसून बोलला."

भावाने झटकन मान वर केली. शब्द कुणाचे आहेत ते त्याला कळलं. त्याला कळावं म्हणूनच तर ती बोलली होती.

पंचांनी डोकी जवळ आणली आणि लगेच लांब केली. शुद्धीत केलेली आत्महत्या. हेस्टरला नऊ वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. 'फिटलं,' ती मनात म्हणाली. 'फिटलं गं माझ्या टॅमसिन.' खुंट्याचे घाव ऐकायला आज ती सगळ्यांच्या पुढे उभी राहणार होती.

दारात डिगरी उभा होता, गावाच्या कबरी खणणारा. टॅमसिनचा खड्डा याच्या बापाने खणला होता. खांद्यावर कुदळ, पण पाय काही उचलेना. हेस्टरनेच त्याला हटकलं.

"काय रे, अजून इथंच? जा की, खण जा."

"मावशी, रागावू नकोस. गावाला चौफुली ती एकच, त्यात एका बाजूला ओढा, दुसरीकडे खडक. याला तिच्या अंगाला लागूनच पुरावं लागणार." त्याने मान खाली घातली. "टॅमसिन नेमकी कुठंशी आहे, तेवढं दाखवायला येतेस का? तिला कुदळ लागायला नको."